फितीवर उरलेला फुर्टव्हेंगलर

२३ जानेवारी १९४५. बर्लिन शहर बाँबवर्षावाने खिळखिळे झाले होते आणि पूर्वेकडून रशियन फौजा ओडर नदीच्या रोखाने सरकत होत्या. फिलहार्मोनी हे शहरातील विख्यात संगीत सभागृह वर्षभरापूर्वीच्या हवाई हल्ल्यात जळून गेले होते. त्यामुळे बर्लिन फिलहार्मोनिक वाद्यवृंदाची त्या दिवशीची मैफल अ‍ॅडमिरल्सपालास्ट या नाट्यगृहात भरली होती. मोत्सार्टची चाळिसावी सिम्फनी सुरू असतानाच वीज गेली. वादन थांबले. अंगावरचे ओव्हरकोट न उतरवता बसलेले श्रोते घरी गेले नाहीत. ते थांबून राहिले. तासाभराने दिवे आले तेव्हा संचालकाने मोत्सार्टचा उरलेला भाग सोडून दिला आणि थेट ब्राम्सच्या पहिल्या सिम्फनीला हात घातला. जर्मन नभोवाणीचे ध्वनिमुद्रण यंत्र तेव्हा चालू होते. त्या सिम्फनीचा फक्त अखेरचा भाग आज शिल्लक आहे. युद्धकाळातील बर्लिनमध्ये विल्हेल्म फुर्टव्हेंगलर याने केलेले ते अखेरचे संचालन. त्यानंतर पंधरवड्याच्या आतच तो सीमा ओलांडून स्वित्झर्लंडमध्ये निसटला.

विसाव्या शतकातील पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या इतिहासात वाद्यवृंद-संचालक म्हणून ज्या दोन नावांभोवती सर्वाधिक वाद झडले, त्यांपैकी एक आर्तुरो तोस्कानिनी आणि दुसरे फुर्टव्हेंगलर. तोस्कानिनीने फॅसिस्टांपुढे वाकायचे नाकारले आणि देश सोडला. फुर्टव्हेंगलर नाझी जर्मनीत शेवटपर्यंत राहिला. पण त्याच्या आयुष्यातील विसंगती एवढीच नाही. संगीत हे त्या त्या क्षणी, त्या त्या श्रोत्यांसमोर जन्मते आणि तिथेच संपते, अशी त्याची श्रद्धा होती. ध्वनिमुद्रणाविषयी त्याच्या मनात अढी होती. आणि आज त्याची जी कला जगाला थक्क करते, ती बव्हंशी फितीवरच उरली आहे. त्यातही सर्वांत विलक्षण मानल्या जाणाऱ्या फिती आहेत त्या गोबेल्सच्या अखत्यारीतील नभोवाणीने केलेल्या.

फुर्टव्हेंगलरचा जन्म २५ जानेवारी १८८६ रोजी बर्लिनमध्ये झाला. बालपण मात्र म्युनिकमध्ये गेले. वडील अडॉल्फ हे प्राचीन ग्रीक कलेचे जगन्मान्य अभ्यासक, आई चित्रकार. मुलाची बुद्धी पाहून त्यांनी त्याला शाळेतून काढले आणि घरीच विद्वान शिक्षक नेमले. वडिलांबरोबर एजिना बेटावरील उत्खननाला गेलेल्या या मुलाच्या मनावर ग्रीक शिल्पांइतकीच बेथोव्हेनची मोहिनी होती. त्याला संचालक व्हायचे नव्हते, संगीतरचनाकार व्हायचे होते. वयाच्या सातव्या वर्षापासून तो रचना करीत होता. १९०६ मध्ये, वीस वर्षांच्या फुर्टव्हेंगलरने म्युनिकमध्ये पहिली मोठी मैफल केली, ती ब्रुकनरच्या नवव्या सिम्फनीसारखी अवघड रचना घेऊन. पुढच्याच वर्षी अथेन्समध्ये वडील वारले आणि चरितार्थाचा प्रश्न उभा राहिला. रचनाकाराला पोट भरणे कठीण. संचालकाला नोकरी मिळते. स्ट्रासबुर्ग, ल्यूबेक, मानहाइम अशी उमेदवारीची गावे एकामागून एक आली. रचनाकार होण्याची आस मात्र सुटली नाही. अखेरपर्यंत तो स्वतःला रचनाकारच मानत होता आणि जगाने आपल्याला केवळ छडी हलवणारा ठरवले याची खंत बाळगून होता.

१९२२ च्या जानेवारीत आर्थर निकिश हा युरोपातील त्या काळचा सर्वश्रेष्ठ संचालक निवर्तला. निकिशकडे लाइपझिगचा गेवांडहाउस वाद्यवृंद आणि बर्लिन फिलहार्मोनिक अशी दोन्ही पदे होती. छत्तीस वर्षांच्या फुर्टव्हेंगलरने ती दोन्ही मिळवली. काही वर्षांनी व्हिएन्ना फिलहार्मोनिकही त्याच्या हाताखाली आले. १९२५ ते १९२७ या काळात न्यूयॉर्कचे तीन दौरे झाले. चाळिशी ओलांडताना जर्मन संगीतविश्वात त्याच्या तोडीचा दुसरा कोणी राहिला नव्हता.

संचालक नेमके करतो काय, हा प्रश्न आपल्याकडील श्रोत्याला पडणे स्वाभाविक आहे. मराठीत कंडक्टर म्हटले की एसटीतला तिकिटांचा खटका आठवतो, हा भाग वेगळा. शंभर वादकांना एकाच क्षणी वाजते करणे हे संचालकाचे उघड दिसणारे काम. त्यासाठी छडीचा ठोका स्पष्ट हवा, असे कोणताही शिक्षक सांगेल. फुर्टव्हेंगलरचा ठोका स्पष्ट नव्हताच. उंच, सडपातळ शरीर, लांब मान, आणि हवेत थरथरत, नागमोडी खाली येणारी छडी. नेमके कुठे वाजवायचे, हे तिच्यावरून कळत नसे. नवख्या वादकांची तारांबळ उडे. पण हे अनवधान नव्हते. टोकदार ठोका दिला की टोकदार, कोरडा स्वर येतो. वादकांनी एकमेकांचे ऐकत, एका श्वासात आत शिरावे, म्हणजे स्वर खोलातून उमलतो, असा त्याचा विचार होता. समेवर आदळण्याऐवजी समेत मिसळून जाणारा गवई ज्यांनी ऐकला आहे, त्यांना यातील मर्म लवकर उमगेल. मंद्र सप्तकातील चेलो आणि डबलबास यांच्या पायावर उभा राहिलेला, किंचित उशिरा उगवणारा तो घनगंभीर नाद हीच बर्लिन फिलहार्मोनिकची ओळख ठरली.

या वाद्यवृंदातील टिंपनीवादक व्हेर्नर टेरिशेन याने पुढे आपल्या आठवणींत एक प्रसंग नोंदवला आहे. एका पाहुण्या संचालकाची तालीम चालली होती. आपले काम नसल्याने तो समोरच्या स्वरलिपीत डोके घालून बसला होता. अचानक वाद्यवृंदाचा नाद पालटला. त्यात ऊब आली, भरीवपणा आला. त्याने चमकून वर पाहिले. छडी त्याच पाहुण्याच्या हातात होती. मात्र सभागृहाच्या टोकाला, दारात, फुर्टव्हेंगलर नुसता उभा होता. अशा कथांत भक्तीचा अंश असतो हे मान्य केले, तरी ती सांगणारा माणूस रोज त्याच्यासमोर बसणारा व्यावसायिक वादक होता, हे विसरता येत नाही.

या साऱ्यामागे निव्वळ अंतःस्फूर्ती होती असेही नव्हे. व्हिएन्नातील हाइनरिश शेंकर या ज्यू संगीतशास्त्रज्ञाचे ग्रंथ त्याने वाचले होते आणि वर्षानुवर्षे त्याच्याकडे बसून बेथोव्हेनच्या रचनांची उकल समजून घेतली होती. एखादी सिम्फनी म्हणजे सुंदर जागांची माळ नव्हे. पहिल्या स्वरापासून अखेरच्या स्वरापर्यंत तिचा एकच अखंड ओघ असतो, हे शेंकरचे सूत्र फुर्टव्हेंगलरने प्रत्यक्षात उतरवले. त्याची लय मागेपुढे होते, ताणते, घाईला येते. पण ऐकणाऱ्याला ती बदलल्याचे जाणवते ते बरेचदा बदल होऊन गेल्यावर.

आणि इथेच ध्वनिमुद्रणाशी त्याचे वैर होते. १९२६ मध्ये पॉलिडोर कंपनीसाठी त्याने पहिल्या तबकड्या केल्या. त्यांत बेथोव्हेनची पाचवी सिम्फनी होती. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटे मावत. म्हणजे चार मिनिटे वाजवायचे, थांबायचे, नवी मेणाची चकती लागेपर्यंत ताटकळायचे आणि तुटल्या जागेपासून पुन्हा सुरुवात करायची. अखंड ओघावर ज्याची श्रद्धा, त्याला हे नदीचे पाणी बादल्यांनी मोजण्यासारखे वाटले असेल तर नवल नाही. आपल्याकडील ख्यालगायकांनाही त्याच काळात तीन मिनिटांच्या तबकडीने असेच कोंडीत पकडले होते. काहींनी तीन मिनिटांची एक नवी कलाच घडवली, काहींनी तोंड फिरवले. फुर्टव्हेंगलर दुसऱ्या गोटातला. १९३७ मध्ये हिज मास्टर्स व्हॉइससाठी त्याने केलेली पाचवी सिम्फनी आणि १९३८ मधील चायकोव्हस्कीची सहावी या तबकड्या उत्तमच आहेत. पण त्या ऐकताना एक शिस्तबद्ध, जपून पावले टाकणारा कलावंत भेटतो. मैफलीतला फुर्टव्हेंगलर वेगळा होता, हे सिद्ध करायला पुरावा मात्र अजून नव्हता. तो पुरावा पुढे युद्धाने दिला.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू कलावंतांची हकालपट्टी सुरू झाली. ब्रुनो वाल्टर, ओटो क्लेम्पेरर यांच्यासारखे संचालक देशोधडीला लागले. एप्रिल १९३३ मध्ये फुर्टव्हेंगलरने गोबेल्सला पत्र लिहिले आणि ते वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. कलेत भेद करायचा तर तो चांगल्या आणि वाईट कलेत करावा, वंशावरून नव्हे, असा त्याचा रोख होता. त्या दिवसांत असे जाहीरपणे म्हणायला धैर्य लागत होते, यात शंका नाही. पण त्याच पत्रात, मुळे नसलेल्या विघातक प्रवृत्तींविरुद्धचा लढा योग्यच आहे, असेही त्याने मान्य करून टाकले होते. प्रतिपक्षाची भाषा उसनी घेऊन प्रतिपक्षाशी वाद घालण्याची ही चूक त्याला आयुष्यभर नडली. त्याच वर्षी गोअरिंगने दिलेले प्रशियाच्या राज्य-सल्लागाराचे पद त्याने स्वीकारले आणि नाझींच्या संगीत परिषदेचे उपाध्यक्षपदही.

परदेशी एकलवादकांनी बर्लिनला येऊन वाजवावे म्हणून त्याने निमंत्रणे धाडली. पोलिश ज्यू व्हायोलिनवादक ब्रोनिस्वाव हुबरमन याने नकार दिला आणि तो नकार जाहीर केला. ज्या देशात ज्यू माणसालाच स्थान नाही, तिथे अपवाद म्हणून वाजवण्यात काय अर्थ, ही हुबरमनची भूमिका नीट पाहिली तर फुर्टव्हेंगलरच्या भूमिकेतील पोकळी दाखवणारी होती. याच हुबरमनने १९३६ मध्ये निर्वासित वादकांना गोळा करून पॅलेस्टाइनमध्ये एक वाद्यवृंद उभा केला. तोच पुढे इस्रायल फिलहार्मोनिक झाला आणि अनेक दशके त्याची धुरा मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहता यांनी वाहिली.

१९३४ मध्ये संघर्ष पेटला. पाउल हिंडेमिट या रचनाकारावर नाझींची खप्पा मर्जी होती. फुर्टव्हेंगलरने मार्चमध्ये त्याची नवी सिम्फनी सादर केली आणि २५ नोव्हेंबरला त्याच्या समर्थनार्थ वृत्तपत्रात लेख लिहिला. त्या रात्री तो सरकारी ऑपेरागृहात उभा राहिला तेव्हा श्रोत्यांनी टाळ्यांचा असा कडकडाट केला, की तो संगीतासाठी नव्हे हे कोणालाही समजावे. गोअरिंग तिथे हजर होता. डिसेंबरच्या सुरुवातीला फुर्टव्हेंगलरने सर्व पदांचे राजीनामे दिले. त्याची चिटणीस बेर्टा गाइसमार ज्यू होती. तिला काम सोडावे लागले आणि पुढे ती लंडनला टॉमस बीचमकडे गेली. वाद्यवृंदातील प्रमुख व्हायोलिनवादक शिमोन गोल्डबर्ग आणि इतर ज्यू वादकही एकेक करून देश सोडून गेले. स्वतः फुर्टव्हेंगलरने मात्र सीमा ओलांडली नाही. तीन महिन्यांत त्याने गोबेल्सची भेट घेतली. आपण केवळ संगीतकार म्हणून लिहिले, राज्याच्या कलाधोरणात ढवळाढवळ करण्याचा हेतू नव्हता, असे निवेदन निघाले आणि एप्रिल १९३५ मध्ये तो पुन्हा त्याच मंचावर उभा राहिला.

बाहेर पडण्याची एक मोठी संधी आली ती १९३६ मध्ये. न्यूयॉर्क फिलहार्मोनिक सोडताना तोस्कानिनीने आपला वारस म्हणून, आश्चर्य वाटेल, पण फुर्टव्हेंगलरचेच नाव सुचवले. निमंत्रण गेले. मात्र अमेरिकेत निदर्शनांची तयारी झाली आणि त्याने नकार कळवला. संगीताला राजकारणापासून अलग मानले जाईपर्यंत आपण येणार नाही, असा त्या नकाराचा आशय होता. संगीत राजकारणापासून अलग असावे, हे त्याचे जन्मभराचे पालुपद. पण त्याच्या वाद्यवृंदाचे मालक आता जर्मन सरकार होते, वेतन गोबेल्सच्या खात्यातून येत होते आणि युद्धात सैन्यभरतीतून वादकांना सूट मिळाली तीही त्या खात्याच्याच मर्जीने. अलगपणा उरला होता कुठे?

युद्ध सुरू झाले. फुर्टव्हेंगलर पक्षाचा सभासद कधीच झाला नाही. नाझी सलाम तो शक्य तिथे टाळत असे. जित फ्रान्समध्ये जाऊन संचालन करायला त्याने नकार दिला. पण प्रागला तो गेला. अनेक ज्यू आणि अर्ध-ज्यू वादकांसाठी त्याने शब्द टाकला, काहींचे प्राण त्यामुळे वाचले. आणि १९४२ च्या फेब्रुवारीत एका कारखान्यात कामगारांपुढे स्वस्तिकांच्या पताकांखाली त्याने वाग्नर वाजवला, त्याचे चित्रीकरण झाले, ते जगभर दाखवले गेले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

त्याच सुमारास जर्मन नभोवाणीच्या हाती एक नवे यंत्र आले होते. चुंबकीय फितीवर आवाज नोंदवणारे मॅग्नेटोफोन १९३५ मध्येच लोकांसमोर आले होते, पण त्यातली खरखर असह्य होती. १९४० मध्ये नभोवाणीच्या अभियंत्यांना उच्च कंप्रतेच्या प्रवाहाचा उपाय सापडला आणि खरखर जवळजवळ नाहीशी झाली. आता सिम्फनीचा एक अख्खा भाग न थांबता, प्रत्यक्ष मैफलीत, श्रोत्यांच्या खोकल्यासकट टिपता येऊ लागला. हे तंत्र तेव्हा जर्मनीबाहेर कोणाकडेही नव्हते. फ्रीडरिश श्नाप नावाचा जाणकार ध्वनिमुद्रक या कामावर होता आणि फुर्टव्हेंगलरचा त्याच्यावर विश्वास होता. मैफलीत माइक आहे हे विसरून संचालन करणारा फुर्टव्हेंगलर प्रथमच पकडला गेला तो इथे.

मार्च १९४२ मधील बेथोव्हेनची नववी सिम्फनी ही या फितींतील सर्वांत अस्वस्थ करणारी. पहिल्या भागात मूळ विषय परततो ती जागा बेथोव्हेनने मेजर स्वरांत लिहिली आहे. पुस्तकी अर्थाने ती उजळ हवी. इथे टिंपनीच्या अखंड गडगडाटाखाली ती आग लागल्यासारखी कोसळते. तिसरा, संथ भाग तोस्कानिनी चौदा मिनिटांच्या आसपास संपवतो. फुर्टव्हेंगलर त्याला सुमारे वीस मिनिटे देतो आणि तरीही तो रेंगाळल्यासारखा वाटत नाही. मानवी बंधुत्वाचे गाणे गाणारा अखेरचा वृंद तर किंकाळीच्या सीमेवर पोचतो, आणि शेवटची धाव इतकी बेफाम आहे की स्वर एकमेकांत कालवले जातात. तो आनंद आहे की आकांत, हे ठरवता येत नाही. हा जाणीवपूर्वक केलेला निषेध होता असे त्याचे चाहते म्हणतात. ते सिद्ध करता येण्यासारखे नाही. आणि ज्या संगीतात श्रोत्याला निषेध ऐकू येतो, त्याच संगीतात समोर बसलेल्या गणवेषधाऱ्याला आपल्या राष्ट्राचे वैभव ऐकू येत असेल, हे नाकारण्याचीही सोय नाही. चारच आठवड्यांनी, १९ एप्रिलला, हीच सिम्फनी त्याने हिटलरच्या वाढदिवसाच्या पूर्वसंध्येला वाजवली. एरवी तो दौरे आणि आजारपणे पुढे करून असे प्रसंग चुकवत असे. या वेळी सुटका झाली नाही. अखेरीस गोबेल्स मंचाजवळ येतो, वर हात करतो, आणि फुर्टव्हेंगलर वाकून तो हात हातात घेतो. तेवढी फिल्म उरली आहे आणि त्याच्याविषयीच्या प्रत्येक चित्रपटात, प्रत्येक वादात ती पुन्हा पुन्हा दाखवली जाते.

१९४४ च्या डिसेंबरमध्ये व्हिएन्नाच्या म्युझिकफेराइन सभागृहात, श्रोत्यांविना, नभोवाणीसाठी त्याने बेथोव्हेनची तिसरी, एरोइका, मुद्रित केली. पुढच्या महिन्यात बर्लिनची ती अंधारलेली मैफल, मग पुन्हा व्हिएन्ना, आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला स्वित्झर्लंड.

युद्ध संपले तरी त्याला मंचावर उभे राहण्याची परवानगी नव्हती. डिसेंबर १९४६ मध्ये बर्लिनला त्याची नाझीमुक्ती समितीपुढे सुनावणी झाली. राज्य-सल्लागारपद, पक्षाच्या समारंभांतील वादन असे आरोप होते. त्याने वाचवलेले ज्यू वादक साक्षीला उभे राहिले. आपण जर्मन संगीत आणि जर्मन माणसासाठी मागे राहिलो, असा त्याचा बचाव होता. समितीने त्याला दोषमुक्त केले. २५ मे १९४७ रोजी तो टिटानिया-पालास्ट या चित्रपटगृहात बर्लिन फिलहार्मोनिकसमोर पुन्हा आला. कार्यक्रम संपूर्ण बेथोव्हेनचा, अखेरीस पाचवी सिम्फनी.

त्याच्या बाजूने सर्वांत ठामपणे उभा राहिला तो यहुदी मेनुहिन. बंदिवासातून सुटलेल्या ज्यूंसाठी छावण्यांमध्ये जाऊन वाजवणारा हा व्हायोलिनवादक १९४७ मध्ये फुर्टव्हेंगलरबरोबर वाजला, त्याच्यासह बेथोव्हेनचा व्हायोलिन कॉन्चेर्टो मुद्रित केला आणि त्यासाठी स्वकीयांचा रोष पत्करला. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांची योगविद्या १९५२ नंतर पाश्चात्त्य जगात नेणारा मेनुहिन तो हाच. अमेरिकेने मात्र क्षमा केली नाही. शिकागोच्या वाद्यवृंदाने १९४८ मध्ये त्याला बोलावले, तेव्हा रुबिनस्टाइन, होरोविट्झ यांच्यासारख्या दिग्गजांनी त्याच्यासोबत वाजवायला नकार दिला आणि ते निमंत्रण बारगळले. ज्यांची सगळी आप्तमंडळी मारली गेली होती, त्यांच्याकडून दुसरी अपेक्षा करणे कठीणच होते.

लंडनने त्याला आपलेसे केले. २२ मे १९५० रोजी रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रिखार्ड श्ट्राउसच्या अखेरच्या चार गीतांचे जगातील पहिले सादरीकरण झाले. गायिका कर्स्टन फ्लागस्टाड, वाद्यवृंद फिलहार्मोनिया, संचालक फुर्टव्हेंगलर. या मैफलीला आर्थिक हमी दिली होती ती म्हैसूरच्या महाराजांनी. जयचामराज वडियार हे पाश्चात्त्य संगीताचे गाढे रसिक. वीस हजारांच्या घरात तबकड्यांचा संग्रह असलेल्या महाराजांना ती गीते आपल्या संग्रहासाठी मुद्रित करून हवी होती. ते ध्वनिमुद्रण टिकले आहे. खरखरीतून वाट काढत ऐकावे लागते, पण ऐकावे असे आहे.

दुसऱ्या वर्षी, २९ जुलै १९५१ रोजी, वाग्नरचा बायरॉइट महोत्सव युद्धानंतर प्रथमच सुरू झाला तो फुर्टव्हेंगलरच्या नवव्या सिम्फनीने. १९४२ चा जाळ इथे निवळला आहे. अखेरची बेफाम धाव तेवढी तशीच आहे. ही मैफल त्याच्या मृत्यूनंतर, १९५५ मध्ये तबकडीवर आली आणि पिढ्यान्‌पिढ्यांची नववी सिम्फनी बनली.

ध्वनिमुद्रणाविषयीची त्याची अढी थोडी सैल झाली ती १९५२ च्या जूनमध्ये. फ्लागस्टाडला घेऊन लंडनच्या किंग्जवे हॉलमध्ये वाग्नरच्या ‘ट्रिस्टान उंड इझोल्डे’चे संपूर्ण मुद्रण झाले. आता फीत सर्वत्र पोचली होती, लांबलचक भाग सलग घेता येत होते. निर्माता वॉल्टर लेग आणि फुर्टव्हेंगलर यांचे फारसे पटत नसे, पण निघालेली वस्तू दोघांनाही थक्क करणारी होती. दुसऱ्या अंकातील दोन अत्युच्च स्वर वयोमानाने फ्लागस्टाडला झेपेनात. ते लेगची भावी पत्नी एलिझाबेट श्वार्ट्सकोप्फने गायले. शुद्धतावाद्यांनी यावर बरेच नाक मुरडले. पुढील वर्षी बर्लिनला त्याने शूमानची चौथी सिम्फनी मुद्रित केली. स्टुडिओत केलेल्या त्याच्या तबकड्यांत मैफलीचा वारा खेळतो तो या दोहोंत सर्वाधिक.

याच सुमारास एक गमतीदार प्रकरण घडले. व्हिएन्नातील १९४४ ची ती एरोइका अमेरिकेत युरेनिया नावाच्या कंपनीने त्याला न विचारताच तबकडीवर आणली. फुर्टव्हेंगलर कोर्टात गेला आणि तबकडी मागे घ्यावी लागली. तिच्यातला स्वर मूळपेक्षा चढा लागला होता, हा दोष तर होताच. पण मूळ आक्षेप वेगळा होता. ते वादन तबकडीसाठी केलेलेच नव्हते. गंमत अशी, की मागे घेतलेली ती तबकडी संग्राहकांमध्ये अमूल्य ठरली आणि त्याची सर्वश्रेष्ठ एरोइका म्हणून आजही बहुतेक जाणकार तिच्याकडेच बोट दाखवतात.

१९५२ च्या उन्हाळ्यात साल्झबुर्गला त्याला न्यूमोनियाने गाठले. त्यातून तो उठला, पण ऐकू येणे कमी होत गेले. बेथोव्हेनच्या पुजाऱ्याच्या वाट्याला बेथोव्हेनचेच दुःख आले. १९५४ च्या उन्हाळ्यात साल्झबुर्गमध्ये त्याने एका अकरा वर्षांच्या ज्यू मुलाचे पियानोवादन ऐकले आणि त्याला बर्लिनला वाजवायला बोलावले. युद्ध संपून पुरती दहा वर्षेही झाली नाहीत म्हणून वडिलांनी नकार दिला. तो मुलगा डॅनियल बॅरेनबॉइम. सप्टेंबरच्या १९ आणि २० तारखांना बर्लिनमध्ये त्याच्या शेवटच्या मैफली झाल्या. कार्यक्रमात बेथोव्हेनची पहिली सिम्फनी होती आणि त्याची स्वतःची दुसरी. तासाभराहून लांब, कोणी फारशी मागणी न केलेली. रचनाकार म्हणून लोकांनी आपल्याला ओळखावे, ही इच्छा त्याने अखेरच्या मैफलीपर्यंत सोडली नाही. त्यानंतर व्हिएन्नात ‘दी वाल्क्यूरे’चे मुद्रण पूर्ण केले आणि ३० नोव्हेंबर १९५४ रोजी बाडेन-बाडेनजवळ त्याचे निधन झाले. हायडेलबर्गला आईच्या कबरीशेजारी त्याला पुरले. बर्लिन फिलहार्मोनिक गेले हेर्बर्ट फॉन कारायान या, त्याला मुळीच न आवडणाऱ्या, तरुण प्रतिस्पर्ध्याकडे. स्टुडिओ आणि तबकडी हेच ज्याचे साम्राज्य ठरणार होते, अशा माणसाकडे.

राहता राहिल्या त्या फिती. १९४५ मध्ये बर्लिनचे नभोवाणी भवन रशियनांच्या ताब्यात गेले, तेव्हा त्यांनी शेकडो फिती उचलून मॉस्कोला नेल्या. पुढे सोव्हिएत तबकड्यांच्या रूपाने त्यांतील काही वादने बाहेर आली. पश्चिमेकडील संग्राहक ती चढ्या भावाने, चोरट्या मार्गाने मिळवत. ज्या राजवटीला हरवून फिती आणल्या, त्या राजवटीच्या नभोवाणीवरचा बेथोव्हेन मॉस्कोत छापला जात होता. १९८७ मध्ये या फितींच्या प्रती बर्लिनला मिळाल्या आणि सोव्हिएत संघाच्या अखेरच्या वर्षी, १९९१ मध्ये, मूळ फिती परतल्या. त्यांच्या आधारे बर्लिन फिलहार्मोनिकने २०१८-१९ मध्ये १९३९ ते १९४५ या काळातील फुर्टव्हेंगलरच्या वादनांचा बावीस तबकड्यांचा संच स्वतःच प्रसिद्ध केला. २३ जानेवारी १९४५ च्या ब्राम्सचा अखेरचा भाग त्यात आहे. त्याआधीचे तीन भाग सापडलेले नाहीत.